आठवलं तेच आपलं

पोरी,

आपण सीमाभागातले, म्हणून महाराष्ट्राची एमपीएससी की कर्नाटकची केपीएससी हे ठरत नाही, हे समजतं. पण त्यासाठी इन्स्टाग्रामवर ११०० अकाउंट फॉलो करून रात्री दीडपर्यंत काय बघत बसायलीस? घोळ परीक्षेचा कमी, यादीचा जास्त आहे.

फोन दुसऱ्या खोलीत ठेव. वहीत अशांची नावं लिही, ज्यांचं महिनाभर वाचलं नाही तर चुकल्यासारखं वाटेल. आठवलं तेच आपलं. बाकीचे तू निवडलेलेच नाहीत, नुसते साचलेत.

मग इन्स्टाग्रामच्या फॉलोइंग यादीतला ‘लीस्ट इंटरॅक्टेड विथ’ (ज्यांच्याशी तुझा संबंध सगळ्यात कमी) हा गट उघड आणि तिथून छाट. रोज वीस-तीसच. एका दमात शेकडो काढलेस तर अ‍ॅप काही काळ अडवतं, आणि मग तू कंटाळून सोडून देशील. वहीतली नावं फेव्हरिट्समध्ये टाक. तिथे ५० ची मर्यादा आहे, भरपूर झाली. ती फीड नव्या पोस्टपासून क्रमाने दिसते, पण अ‍ॅप पुन्हा उघडलं की मूळ फीड परत येते. दर वेळी स्वतः निवडावी लागते, इथेच सगळे ढिले पडतात. आत्या-मामांना काढू नकोस, म्यूट कर. त्यांना कळत नाही.

आयोगाच्या जाहिरातींसाठी कुणालाच फॉलो करायची गरज नाही. दोन्ही आयोगांची संकेतस्थळं सोमवारी दहा मिनिटं बघ. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या उमेदवारांना महाराष्ट्राच्या भरतीत असलेली सवलत रीलवर ऐकून धरू नकोस, जाहिरातीतली अट शब्दन् शब्द वाच.

कन्नड बातम्यांची दोन अकाउंट मात्र ठेवच. केपीएससीला कन्नडचा पेपर अनिवार्य आहे, तहसीलच्या नोटिसाही कन्नडातच लागतात. यावरून मला बोलणारे आहेत. बोलू देत. कन्नड वाचल्याने माझी मराठी तसूभर कमी झाली नाही. उशिरा वाचायला लागलो, एवढीच खंत आहे.

आणि १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या, १७ जानेवारीच्या सीमालढ्यातल्या हुतात्मा दिनाच्या आठवड्यात नवीन कुणालाही फॉलो करू नकोस. हुतात्म्यांना मान द्यायला बटण लागत नाही. रागात एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलास की तसलेच दहा पुढे येतात, कारण तू किती वेळ थांबलीस ते अ‍ॅप मोजतं. राग होता की आवड, ते त्याला कळत नाही.

कुणी नवीन आवडला तर नाव वहीच्या मागच्या पानावर लिही आणि आठ दिवस थांब. मग पान न बघता आठवतंय का बघ. आठवलं तेच आपलं, कितीदा सांगू!

रविवारी ये. वही आण, फोन घरी ठेव.