होकार मी दिला की हार्मोन्सनी?

मागच्या वर्षी माझ्याकडे समुपदेशनाला एक मुलगी आली होती, पुण्यात आयटीत जॉब, २७ वय (ओळख कळू नये म्हणून तपशील जरा बदललेत). आल्या आल्या मोबाईल माझ्यापुढे धरला. पाळीचं ॲप, त्यात १३ तारखेवर हिरवा ठिपका, म्हणजे ओव्हुलेशनचा (बीजांड बाहेर पडण्याचा) दिवस. म्हणाली, "मॅडम, याच दिवशी कांदेपोहे झाले आणि मी हो म्हणून बसले. आता साखरपुडा तोंडावर आलाय आणि पाळी जवळ आली की त्याचा फोटो बघूनही काहीच वाटत नाही. मग होकार मी दिला की हार्मोन्सनी?"

तिने रील बघितलं होतं, की ओव्हुलेशनच्या दिवसांत बायकांना रांगडे, रुंद जबड्याचे चेहरे आवडतात आणि एरवी सौम्य. हा प्रश्न घेऊन बऱ्याच जणी येतात. यामागे रिसर्च आहे, १९९९ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात पेंटन-व्होक आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता, कॉम्प्युटरवर तेच चेहरे थोडे पुरुषी, थोडे बायकी करून दाखवायचे. पण तेव्हा बायका मोजक्याच होत्या आणि दिवस धरले होते कॅलेंडरवरून. २०१८ मध्ये ग्लासगोच्या बेन जोन्सच्या टीमने ५८४ बायकांची लाळ तपासून हार्मोन्स मोजले, पुन्हापुन्हा, आणि चेहऱ्याच्या आवडीत तसा बदल सापडलाच नाही. लैंगिक इच्छा एकूणच थोडी कमीजास्त होते, तेवढं दिसलं. आणि ॲपमधला ठिपका हा अंदाज असतो, ओव्हुलेशनचा दिवस मागेपुढे होतो.

हे सांगून मी फोन बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, त्या दिवसातलं काय आठवतं? चेहऱ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. म्हणाली, त्याच्या मावशीने माझा पगार विचारला तर तो पटकन म्हणाला "मावशी, राहू दे ना", आणि नंतर सगळ्यांच्या प्लेट्स स्वतः उचलून आत नेल्या.

मग आता काय बिनसलं? बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत बसली. तर मागच्या महिन्यात फोनवर तो सहज बोलून गेला होता, "लग्नानंतर तू नाशिकला बघशीलच ना जॉब", आणि ही नुसतं "बघू" म्हणाली. तेव्हापासून पोटात गोळा. पाळीच्या आधी हिची झोप उडते, चिडचिड होते, मग तेच जास्त टोचतं, पण टोचणारी गोष्ट खरी होती ना! मला फार वाईट वाटतं, मुली स्वतःची साधी खरी तक्रारसुद्धा हार्मोन्सच्या नावावर टाकून गप्प बसतात.

पुढच्या सेशनला दोघं आले. दीड तास फक्त नाशिक की पुणे.