तालमीच्या मैदानावर गाडी शिकवावी का?

प्रश्न : आमच्या तालीम मंडळाने उन्हाळी सुट्टीत दहावी ते बारावीच्या मुलामुलींसाठी सुरक्षित वाहनचालनाचा आठ दिवसांचा वर्ग घ्यायचे ठरवले आहे. मुले नाहीतरी घरची गाडी काढून क्लासला जातातच, तेव्हा मैदानावर नीट शिकवलेले बरे, असे काही कार्यकर्त्यांचे म्हणणे आहे. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. असा वर्ग कायद्यात बसतो का, आणि त्यात काय शिकवावे?
– एक पालक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : वर्ग अवश्य घ्यावा, मात्र मुलांच्या हाती गाडी देऊ नये. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार 50 सीसीपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षी, तीही लायसन्स काढून, चालवता येते. बाकी गाड्यांसाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आपल्या दारातली स्कूटर बहुधा 110 सीसीची असणार. मैदानाची पळवाटही भक्कम नाही, कारण जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे, ती जागा कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिकच ठरते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद व 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘नाहीतरी चालवतातच’ हा युक्तिवाद त्यापुढे टिकत नाही.

गाडी न देता आठ दिवस काय शिकवायचे, ही शंका रास्त आहे; पण ॲक्सिलरेटर पिळणे मुलांना चार दिवसांत जमते, अंदाज मात्र जमत नाही, आणि वर्गाने तोच शिकवावा. मैदानावर चुन्याची रेघ मारून मुलांकडूनच अंतर मोजून घ्यावे. ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरांहून थोडे अधिक जाते, 60 च्या वेगाने जवळपास सतरा मीटर, आणि समोर कोणी आडवे आल्याचे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढा वेळ सहज जातो. त्यापुढे ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेग दुप्पट झाला की चौपट होते. ही रेघ स्वतःच्या पावलांनी चाललेला मुलगा फलकावरचे घोषवाक्य वाचलेल्या मुलापेक्षा अधिक शिकतो, असे मला वाटते.

दुसरा धडा आपल्या जिल्ह्याचा खास आहे. ऊस वाहणारा, दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर मैदानावर आणून उभा करावा, इंजिन बंद ठेवून एकेका मुलाला चालकाच्या जागेवर बसवावे आणि इतरांना मागच्या ट्रॉलीच्या कडेने चालायला सांगावे. दोस्तमंडळी दिसेनाशी झाली, की हंगामात गगनबावडा रस्त्यावर अशा वाहनाला चिकटून ओव्हरटेक का करू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. हेल्मेट आणायला सांगावे व पट्टा लावून ते मागून पुढे ढकलून पाहावे. कित्येकांचे तिथेच डोक्यावरून निघून येईल.

घसरणारी गाडी सावरण्याच्या कसरती मात्र टाळाव्यात. नॉर्वेमध्ये निसरड्या रस्त्यावरचे प्रशिक्षण सक्तीचे केल्यावर तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे आढळले; फाजील आत्मविश्वास हे त्याचे कारण मानले जाते. उलट न्यूझीलंडने 1987 पासून नवशिक्या चालकांना रात्री गाडी चालवण्यास आणि मित्रांना सोबत घेण्यास बंधने घालून टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत आणली, आणि पुढे अनेक देशांनी ती उचलली. आपल्याकडे असा टप्पा नाही, म्हणून तो घरी ठरवावा लागतो : लायसन्स मिळाल्यावर पहिले सहा महिने रात्री आठनंतर गाडी नाही आणि रंकाळ्यापर्यंतसुद्धा ट्रिपल सीट नाही. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून हे मुलांसमोर कागदावर लिहून घ्यावे. गाडीची किल्ली खुंटीवर लटकत असलेल्या घरांत याची गरज अधिक.

प्रश्न : लायसन्स न लागणारी इलेक्ट्रिक स्कूटर मुलीला घ्यावी का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : ही सवलत ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या व 250 वॅटपेक्षा कमी क्षमतेच्या हलक्या गाड्यांपुरती आहे. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचे मान्यतेचे प्रमाणपत्र मागावे, आणि ‘वेग नंतर वाढवून देतो’ असे तो म्हणाला, तर गाडी घेऊ नये. वेग वाढवताच ती मोटार वाहन ठरते आणि वरच्या उत्तरातील सगळे कलम तिला लागू होते.