शिल्लक किमान रकमेखाली गेली, तर स्वस्त वर्ग हातचा जातो का?

प्रश्न : अमेरिकेतील माझ्या मुलीचे पैसे व्हॅनगार्ड या फंड कंपनीच्या इंडेक्स फंडात (बाजार निर्देशांकाप्रमाणे गुंतवणूक करणाऱ्या फंडात) आहेत; एकाच फंडाच्या वेगवेगळ्या खर्चाच्या वर्गांपैकी कमी खर्चाच्या ‘ॲडमिरल’ वर्गात. घरासाठी काही रक्कम काढल्यास तो वर्ग जाईल का?

उत्तर : आधी किमान रकमेचे पाहू. बहुतेक इंडेक्स फंडांत ॲडमिरल वर्गासाठी पूर्वी १०,००० डॉलर लागत. नोव्हेंबर २०१८ मध्ये ही अट ३,००० डॉलरवर आली. सक्रिय व्यवस्थापनाच्या (व्यवस्थापक स्वतः शेअर निवडतो अशा) फंडांत मात्र ती साधारणपणे ५०,००० डॉलर आहे, आणि ही अट प्रत्येक फंडातील प्रत्येक खात्याला स्वतंत्रपणे लागू होते. निरनिराळ्या फंडांतील रकमांची बेरीज करून चालत नाही.

शिल्लक या किमान रकमेखाली गेल्यास कंपनी युनिट महागड्या ‘इन्व्हेस्टर’ वर्गात वळवू शकते. फंडाच्या माहितीपत्रकात हा अधिकार राखून ठेवलेला असतो आणि तो केवळ पैसे काढण्यापुरता नसून बाजार पडल्यामुळे झालेल्या घटीलाही लागू होतो, म्हणून अगदी काठावरची शिल्लक ठेवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. एकाच फंडातील असे वर्गांतर करपात्र विक्री मानले जात नाही. युनिटांची संख्या बदललेली दिसेल, पण एकूण मूल्य तेच राहते.

वार्षिक खर्च ०.०४ ऐवजी ०.१४ टक्के झाला, तर ३,००० डॉलरवर वर्षाला फरक पडतो तीन डॉलरचा. तेवढ्यासाठी घराचा व्यवहार अडवू नये.