मशीनच्या कागदावर मुलीची सही नको

(पत्राचा सारांश: यावल तालुक्यातले एक केळी उत्पादक लिहितात. मुलगी बारावी सायन्सला, गणित गट. नववीत तिने केळीच्या खोडाचा धागा आणि रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारा राळेसारखा पदार्थ) वापरून एक छोटी फळी केली होती, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं. आता वडिलांना केळीचा धागा आणि टाकाऊ प्लास्टिकपासून फळ्या-शीट करायचा कारखाना टाकायचा आहे. डिसेंबरात मुलीला अठरा पूर्ण होतील, मग कर्ज तिच्या नावावर, कारण महिलांना सबसिडी जास्त. तिने जळगावलाच प्लास्टिकचं इंजिनिअरिंग करावं असं त्यांचं म्हणणं. तिला संख्याशास्त्रात बीएस्सी करायचंय.)

भाऊ, नमस्कार.

चार पानांच्या तुमच्या पत्रात मशीनची किंमत आहे, शेडची लांबी-रुंदी आहे, थ्री फेज कनेक्शनचा खर्चसुद्धा आहे. मुलीबद्दल एकच ओळ: "तिच्या डोक्यात स्टॅटिस्टिक्सचं खूळ शिरलंय, जरा समजवा." समजावतो, पण तुम्हाला.

आधी कर्जाचं बोलू, कारण पत्र वाचताना मी तिथेच अडकलो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण अर्जदाराला २५ टक्के अनुदान मिळतं, महिलेला ३५. या वरच्या दहा टक्क्यांसाठी तुम्ही शाळकरी पोरीला कर्जदार करायला निघालात. अनुदान काही रोख हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत अडकून असतं आणि युनिट खरंच चालू आहे याची पडताळणी झाली की मगच कर्जात वळतं होतं. बाकीचं कर्ज, त्याचं व्याज, हप्ते, सगळं तिच्या नावावर. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली आणि हप्ते थकले, तर सिबिल तिचं बिघडणार. उद्या एमएस्सीला बाहेर जायचं म्हणून ती शैक्षणिक कर्ज मागायला गेली, की बँकवाला आधी तुमच्या शेडची थकबाकी काढून दाखवेल.

"तिची काही हरकत नाही," असंही तुम्ही लिहिलंय. बापाने जेवणाच्या ताटावर विषय काढला, आई गप्प, आजी म्हणते पोरीच्या नावाने लक्ष्मी येईल. अशा वेळी सतरा वर्षांची मुलगी हरकत घेणार तरी कशी? आणि कॉलेज जळगावचंच का, तर शनिवार-रविवार तिला शेडवर लक्ष ठेवता येईल म्हणून. म्हणजे पदवीसुद्धा शेडच्या सोयीची. भाऊ, हे करिअर मार्गदर्शन नव्हे, बिनपगारी मॅनेजर शोधणं झालं. कडक वाटेल, पण दुसरा शब्द सुचत नाही.

कल्पना मात्र टाकाऊ नाही. बाग कापल्यावर खोडं बांधावर कुजत पडतात, हे तुम्ही रोज बघता. पण "दोन्ही कचराच, पाण्याच्या बाटल्या वितळवायच्या, त्यात धागा घालायचा, फळी तयार, आणि फेकली तर मातीत कुजते" या तुमच्या वाक्यात दोन घोटाळे आहेत. बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पेट, वितळायला २५० अंशांच्या आसपास तापमान लागतं. केळीचा धागा २०० अंशांच्या पुढे करपायला लागतो. म्हणून असा धागा बहुधा पॉलिप्रोपिलीनमध्ये घालतात, ते १६५ अंशांच्या आसपास वितळतं. तिथेही धाग्याला पाणी प्रिय आणि प्लास्टिकला नकोसं. दोघं एकमेकांना धरत नाहीत. धागा कॉस्टिक सोड्यात धुवावा लागतो, नीट वाळवावा लागतो, नाहीतर वाफेचे फुगे येतात, शिवाय पकड बसावी म्हणून मॅलिक अॅनहायड्राइड नावाचं रसायन जोडलेलं पॉलिप्रोपिलीन थोडं मिसळतात. आता कुजण्याचं. पूर्व जर्मनीत १९५७ ते १९९१ या काळात ट्राबांट नावाची मोटार बनायची. तिच्या बॉडीचे पत्रे कापसाचा टाकाऊ धागा आणि फिनॉल रेझिन दाबून केलेले असायचे. तीस लाखांवर गाड्या निघाल्या. पुढे त्या भंगारात निघाल्या तेव्हा पंचाईत झाली, कारण ते पत्रे ना कुजत, ना पुन्हा वितळत. तुमच्या मुलीची फळीही रेझिनचीच, म्हणजे त्याच जातीची. धागा निसर्गातला म्हणून वस्तू निसर्गात परत जात नाही. आत काय ओतलंय त्यावर ते ठरतं.

ती फळी शोकेसमध्ये आहे आणि "पावसाळ्यात जराशी फुगली, पण मजबूत आहे", असं तुम्ही लिहिलंय. तिची कापलेली कड बघा. धाग्याची टोकं तिथे उघडी असतात, पाणी तिथूनच शिरतं. गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच कड बघेल.

दुसरं म्हणजे, खोडात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. टनभर खोडातून सुका धागा मिळतो दहा-पंधरा किलोंच्या आसपास. खोड शेतातून मशीनपर्यंत आणायचं भाडं, मजुरी, उरलेल्या चोथ्याची विल्हेवाट, यातलं काहीच तुमच्या हिशेबात नाही. धागा कोण घेणार, हेही नाही. जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कारखाने रिसायकल केलेल्या प्लास्टिकच्या दाण्यावर चालतात; ओळख काढून काही दिवस तिथल्या एक्स्ट्रूडरजवळ, म्हणजे दाणा वितळवून साच्यातून ढकलणाऱ्या यंत्राजवळ, उभे राहा. पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळल्या झाडापासून) पार्टिकल बोर्ड करण्यावर माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने बरंच काम केलंय, तिथे पत्र टाका. हे सगळं तुम्ही शिकायचंय. धंदा तुमचा आहे, आणि शिकायला वयाची अट नाही.

मुलीच्या वाटा थोडक्यात: प्लास्टिककडे तिला स्वतःलाच जावंसं वाटलं, तर एमएचटी-सीईटी देऊन जळगावच्या विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी संस्थेत चौकशी करावी. संख्याशास्त्रासाठी चांगल्या कॉलेजातलं बीएस्सी, आणि हिंमत असेल तर आयएसआयची, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेची, प्रवेश परीक्षा.

"स्टॅटिस्टिक्समध्ये पोट भरतं का?" भरतं. विमा, बँका, औषध कंपन्यांच्या चाचण्या, पीक अंदाज, सगळीकडे ही माणसं लागतात. गंमत अशी की धाग्याच्या धंद्यालाही ती लागतात. एकाच खोडाचे दोन धागे सारख्या ताकदीचे नसतात, बाहेरच्या सोपटाचा वेगळा, आतल्याचा वेगळा. कुठला किती ताणावर तुटेल याचा अंदाज बांधायला वायबुल नावाच्या स्वीडिश अभियंत्याचं वितरण (कुठली किंमत किती वेळा येईल हे सांगणारं सूत्र) वापरतात, आणि ते संख्याशास्त्राच्या वर्गात शिकवतात. (हे वाचून तिला पुन्हा शेडकडे ओढू नका. म्हणूनच सांगावं की नाही, याचा मी जरा विचार केला.)

मशीनचा अॅडव्हान्स दिला नसेल तर थांबवा. दिला असेल, तर पावती कुणाच्या नावाची आहे ते आजच बघा. कर्जाचा अर्ज करायचाच झाला तर तुमच्या नावावर करा. वहिनी खरोखर धंद्यात उतरणार असतील तर त्यांच्या नावावर करा, पण आधी त्यांना चारही पानं वाचून दाखवा. आणि आयएसआयच्या फॉर्मची शेवटची तारीख मुलीला विचारा, तिला ती माहीत असणार.