देहाबाहेर गेलो आणि परत येता आलं नाही तर?

मी समुपदेशनाचं काम करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे अलीकडे फार येतो. विचारणारी मुलं कॉलेजातली, नाहीतर नुकती कामाला लागलेली. मोबाइलवर ‘सूक्ष्म देहाचा प्रवास’, ‘स्वप्नावर ताबा मिळवा’ असले व्हिडिओ बघायचे, रात्री करून पाहायचं, आणि एखादा अनुभव खरंच आला की हादरायचं. आई-वडील सोबत आले तर त्यांचा प्रश्न निराळा असतो: याला बाहेरचं काही लागलंय का?

त्यातलीच एक केस सांगते. मुलाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा बावीस वर्षांचा, सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू बोलतात. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला, आई घरी विड्या वळते. हा बी.कॉम. होऊन एका कर सल्लागाराकडे जीएसटीची रिटर्न्स भरायच्या कामाला. पहिल्या दिवशी तो मान खाली घालून बसला होता, बोलली ती आईच. “मॅडम, पोरगं झोपायला भ्यायलंय. रात्रभर जागंच. आणि झोपलं की कुठंतरी जाऊन येतंय म्हणतंय. आजी म्हणती मुंजा हाय. मी अक्कलकोटला जाऊन अंगारा बी आणला, पण फरक काय पडंना.”

आईला थोडा वेळ बाहेर बसवलं, तेव्हा तो बोलायला लागला.

त्यांच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेही पहाटे साडेतीन-चारला. सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. वडील रात्रपाळीला असले की मोटर लावणं, पिंप आणि घागरी भरणं हे काम याचं. तासाभराने परत आडवा. जे काही घडायचं ते त्या परत झोपण्यात. आधी अंग दगडासारखं व्हायचं. मग कानात घरघर, मागाच्या शेडमध्ये उभं राहिल्यासारखी. मग आपण हलके होऊन वर उचलले जातोय असं वाटायचं. तो कुशीवर वळला की कॉटवरून घरंगळून बाहेर, आणि मागे वळून पाहिलं तर कॉटवर स्वतःच झोपलेला. तिथून खिडकीतून बाहेर, पत्र्यांवरून उडत थेट सिद्धेश्वर तलावापर्यंत. सुरुवातीला त्याला याचा इतका आनंद झाला होता की तो पाण्याच्या दिवसाची वाट बघायचा.

यात गूढ काही नाही. झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात, आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. व्हिडिओवाले जी युक्ती शिकवतात (पाच तास झोपा, उठा, थोडा वेळ जागे राहा, परत झोपा), ती या पोराला नळानेच शिकवली होती. व्हिडिओ त्याने नंतर शोधले, आपल्याला काय होतंय याला नाव मिळावं म्हणून.

नाव मिळालं, त्यासोबत भीतीही मिळाली. एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं की सूक्ष्म देह एका चंदेरी दोरीने शरीराला बांधलेला असतो, ती तुटली तर माणूस झोपेतच जातो. आणखी कुणी लिहिलं, तुम्ही बाहेर असताना दुसरं कुणी तुमच्या शरीरात शिरू शकतं. त्यानंतर एका पहाटे अंग ताठरलं आणि या वेळी छातीवर वजन, पायाशी कुणीतरी उभं. त्याची खात्रीच पटली: मी बाहेर होतो तेवढ्यात हा आत शिरायला आला. तेव्हापासून तीन वाजेपर्यंत चहा, मोबाइल, पुन्हा चहा.

त्याला माझ्याकडून आत्म्याबद्दल काहीतरी ऐकायचं होतं. मी मात्र विचारलं, दिवसा जागेपणी आवाज ऐकू येतात का? कधी फीट आली होती का? दिवसा बसल्या बसल्या अचानक झोप लागते का, हसताना गुडघ्यातलं बळ गेल्यासारखं होतं का? गांजा, गोळ्या? जीव द्यावासा वाटतो का? घरात कुणाला मानसिक आजार? सगळ्याला ‘नाही’ आलं. मग विचारलं, “हे फक्त झोपेतच होतं का? दिवसा कधी असं वाटतं का, की हे खरं नाही?” इथे तो अडखळला.

स्वप्नात ‘हे स्वप्न आहे’ हे कळावं म्हणून जागेपणी सवय लावायला सांगतात: दिवसातून अनेकदा हाताची बोटं मोजा, तळव्यातून बोट आरपार जातं का बघा. सवय लागली की स्वप्नातही तसंच केलं जातं, तिथे बोटं सहा-सात भरतात आणि स्वप्न ओळखू येतं. हा ऑफिसात रिटर्न भरताना टेबलाखाली बोटं मोजायचा. तेवढ्यावर राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण झोप अपुरी, डोकं जड, आणि एकदा अशोक चौकात गाडीवर असताना समोरून ट्रक आला. “मॅडम, एक सेकंद मला वाटलं, स्वप्न असेल तर आरपार जाईन.”

माझ्या दृष्टीने सगळ्या केसमधलं सर्वांत गंभीर वाक्य हे. रात्री तो परत येईल की नाही, या काळजीत घर जागं होतं. दिवसा तो पुरता जागा आहे का, हे कुणीच विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी नीट तपासून सांगितलं की आजार असा काही नाही, झोपेचा तुटवडा मात्र मोठा आहे. गोळ्या दिल्या नाहीत. बोटं मोजणं त्या दिवसापासून बंद, आणि झोप भरून निघेपर्यंत गाडीची किल्ली आईकडे. याला तो लगेच तयार झाला. मला वाटतं, ट्रकची भीती त्यालाही होती, सांगायला माणूस नव्हतं.

आता त्याचा मूळ प्रश्न. स्वप्नांच्या या झोपेचा शोध शिकागो विद्यापीठात लागला, १९५३ मध्ये. त्या झोपेत मेंदू शरीराच्या स्नायूंना जवळजवळ बंद ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळताना आपण कॉटवरून खाली उड्या मारल्या असत्या. डोळे आणि श्वासाचा पडदा तेवढे चालू राहतात. कधी कधी मनाला जाग येते पण स्नायू अजून सुटलेले नसतात. तेच ते दगड झालेलं अंग. मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलं तर छातीचे स्नायू साथ देत नाहीत, म्हणून वजन ठेवल्यासारखं वाटतं. श्वास मात्र आपला आपण चालूच असतो. स्वप्नही पुरतं संपलेलं नसतं, त्यामुळे खोलीत कुणीतरी दिसतं. आपल्याकडे त्याला मुंजा म्हणतात, इतर देशांत छातीवर बसणारी म्हातारी. २०११ च्या एका आढाव्यात अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले, तेव्हा आयुष्यात एकदा तरी हे अनुभवलेले लोक सुमारे ८ टक्के निघाले, आणि विद्यार्थ्यांमध्ये २८ टक्के. जागरणं करणाऱ्यांना हे जास्त होतं. म्हणजे झोप टाळून हा मुलगा त्या मुंज्याला आवतणच देत होता.

आणि वर उचललं जाणं? आपण कुठे आहोत हे मेंदू सतत जुळवत असतो: डोळ्यांना काय दिसतं, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र काय सांगतं, सांधे-स्नायू काय सांगतात. हा जमाखर्च कानाच्या वर, जरा मागच्या बाजूला होतो. २००२ मध्ये जिनिव्हातल्या डॉक्टरांनी अपस्माराच्या एका रुग्ण बाईच्या मेंदूत उजव्या बाजूला नेमक्या त्या जागी सौम्य वीज दिली, तर तिला आपण छताजवळ तरंगतोय आणि खाली आपलेच पाय दिसतायत असं वाटलं. वीज थांबवली की ती खाली. बाई पूर्ण वेळ पलंगावरच होती.

एवढं ऐकून तो म्हणाला, “पण मी बघितलंय, मॅडम. मी मला कॉटवर झोपलेलं बघितलंय.”

मी वाद घातला नाही. शेवटच्या वेळी काय काय दिसलं ते बारकाईने सांग म्हटलं. तो सांगू लागला: खिडकीशी कॉट, भिंतीवर कॅलेंडर, पंखा बंद, कॉटवर मी, निळी चादर. मी विचारलं, “पंखा बंद? एप्रिलात?” तो थांबला. मग हळूच म्हणाला, “त्या दिवशी लाइट गेली होती. आम्ही सगळे गच्चीवर झोपलो होतो.” थोडा वेळ तो काही बोललाच नाही. शरीर गच्चीवर, आणि बाहेर पडलेल्या त्याला ते दिसलं खोलीतल्या कॉटवर. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

तरी आणखी एक गोष्ट सांगितली, कारण आकडेमोड करणाऱ्या पोराला ती आवडणार हे माहीत होतं. इंग्लंडमध्ये हल इथे कीथ हर्न या संशोधकाने १९७५ मध्ये प्रयोगशाळेत झोपलेल्या माणसाकडून स्वप्नातूनच खूण मिळवली. डोळे हलवता येतात ना, म्हणून आधी ठरवून डावीकडे-उजवीकडे ठरावीक वेळा डोळे फिरवायचे. पुढे २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारून उत्तरं घेतली. एकाला विचारलं, आठ वजा सहा? त्याने झोपेतच दोनदा डोळे फिरवले. सगळ्यांना उत्तर देता आलं असं नाही, पण काहींना आलं. तात्पर्य, माणूस स्वप्नात जागा असला तरी आहे तिथेच असतो, खोलीतला आवाजही त्याच्यापर्यंत पोचू शकतो. जो गेलाच नाही तो परत यायचा कुठून?

दोरीबद्दलही विचारलं त्याने. ती कल्पना बायबलच्या जुन्या करारातल्या एका ओळीतून पाश्चात्त्य गूढवाद्यांनी उचलली आणि फुगवली. त्याच्या आजीने मुंजा ऐकला होता, चंदेरी दोरी कधीच नाही. तो पहिल्यांदा हसला तो इथे. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि चौथी अवस्था आहे खरी, पण खिडकीतून उडून तलावापर्यंत जाण्याचा त्यात काही संबंध नाही. व्हिडिओवाले हे सगळं एका पातेल्यात घालून ढवळतात. बाकी आत्मा आहे की नाही, हा माझ्या खोलीतला विषय नाही. अंगारा उशाशी राहू दे, असं मी आईला सांगितलं. त्याने कुणाचं काही बिघडत नाही, आणि तिला झोप लागते.

आईचं वेगळंच चाललं होतं. हा झोपला की मांडीवर सूप घेऊन ती रात्रभर विड्या वळत बसायची, कात्री-दोरा चालू आणि नजर पोराच्या छातीवर. झोपेत तो ‘हूं हूं’ करायला लागला तरी हात लावायची नाही. जीव बाहेर असताना उठवलं तर तो बाहेरच राहील, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. तो आतून ओरडायचा प्रयत्न करतोय आणि आई शेजारी हात आवरून बसलीय, हे चित्र मला फार लागलं. तिला म्हटलं, “अहो ताई, खुशाल नावाने हाक मारा, खांद्यावर हात ठेवा. तो त्याचीच वाट बघत असतो.” ती त्याच्याकडे बघून म्हणाली, “व्हय रं?” त्याने मान हलवली.

मग साध्या गोष्टी. संध्याकाळनंतर चहा नाही. उताणं झोपायचं नाही, कारण अंग ताठरण्याचे प्रकार उताणं झोपल्यावर जास्त होतात. रोज झोपायची वेळ एकच. पाणी भरायचं काम काही दिवस धाकट्या भावाकडे, आणि त्याला जमलं नाही तर पाणी भरून झाल्यावर परत झोपायचंच नाही, आदल्या रात्री लवकर झोपायचं. अंग ताठरलंच तर झटापट करायची नाही. पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करायचा, डोळे फिरवायचे, हे जाणारच आहे असं मनात म्हणायचं. सेकंदात, फार तर काही मिनिटांत सुटतं.

महिन्याभरात झोप बरीच सुधारली. मुंजा एकदा येऊन गेला, पण याने अंगठा हलवला आणि कूस बदलून झोपला. नंतर एकदा मी सहज विचारलं की तुला तिकडे इतकं आवडायचं काय? मला वाटलं होतं तो उडण्याबद्दल बोलेल. तो म्हणाला, “तिथं कुणी नसतं, मॅडम.” दोन खोल्यांत सात माणसं, खाली मागाची शेड. बावीस वर्षांत त्याला दार लावून एकट्याला बसता आलेलं नाही. यावर मी फार मानसशास्त्र लावलं नाही. रविवारी सकाळी हुतात्मा बागेत एकटा जाऊन बस म्हटलं, मोबाइल घरी ठेवून. तो जातो.

स्वप्नांचा नाद सोडायलाच हवा का, हेही त्याने विचारलं. सगळ्यांनी सोडावा असं मी म्हणणार नाही. २०१६ च्या एका आढाव्यानुसार निम्म्याहून जास्त लोकांना आयुष्यात एकदा तरी स्वप्नात ‘हे स्वप्न आहे’ हे कळलेलं असतं, आणि वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नांवर याचा उपयोग करून घेतलेलेही लोक आहेत. ज्यांना भ्रम होण्याचा किंवा टोकाच्या मूडचा आजार आहे, किंवा घरात तशी पार्श्वभूमी आहे, ज्यांना फीट येते, ज्यांना दिवसाही सगळं परकं, खोटं वाटतं, त्यांना मात्र मी स्पष्ट नको म्हणते, आणि आधी डॉक्टरांकडे पाठवते. याला सांगितलं, सहा महिने नाही. त्यानंतर वाटलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशाच रात्री, मुद्दाम गजर लावून झोप मोडायची नाही, आणि दिवसा बोटं मोजणं कायमचं बंद.

सहा महिने उलटून गेलेत. गाडीची किल्ली त्याच्याकडे परत आली आहे. मधे एकदा स्वप्न आपोआप उलगडलं म्हणे; हा त्यात ऑफिसातच बसला होता, रिटर्नची शेवटची तारीख होती आणि पोर्टल उघडत नव्हतं. हे स्वप्न आहे कळल्यावर त्याने उडायच्या आधी कॉम्प्युटर बंद केला.