टेक्ससमध्ये जमीन घेऊन व्हाइटटेल हरणांचं पालन परवडेल का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. सॅन अँटोनियोच्या वरच्या अंगाला, हिल कंट्रीत सव्वाशे एकर घेऊन गावाकडच्या बंदिस्त शेळीपालनासारखं हरीणपालन जमेल का, हा एक. आणि शिकारीला येणारे लोक चांगले पैसे मोजतात म्हणतात ते खरं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर: जमतं, पण तुम्ही त्या फंदात पडू नका. दुसऱ्याचं: खरं आहे, फक्त ते पैसे हरणाचे नसतात, जमिनीत पाऊल ठेवू देण्याचे असतात. मी राहुरीला शेतीचं शिकून इकडे आलो आणि आता रँचमालकांसाठी हरणांची मोजणी आणि चाऱ्याची पाहणी करतो, त्यामुळे दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं रोजच्या बघण्यातली आहेत.

आधी मालकीचं बोलू, कारण शेळीची तुलना तिथेच मोडते. टेक्ससमधली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, पण तिच्यावर चरणारं व्हाइटटेल, म्हणजे इथलं पांढऱ्या शेपटीचं रानटी हरीण, राज्यातल्या जनतेचं. परवाना काढून, कुंपणात पैदास केली, कानात बिल्ला ठोकला, तरी ते तुमचं होत नाही. एका पैदासदाराने याच मुद्द्यावर दावा लावला होता. २०१९ मध्ये ऑस्टिनच्या अपील न्यायालयाने सांगितलं की परवाना हा हरीण बाळगण्याचा आहे, मालकीचा नाही. शिवाय व्हाइटटेलचं मांस विकायला बंदी. बोकड वजनावर जातो, इथे वजनाला काडीची किंमत नाही. नर विकला जातो तो शिंगांच्या इंचांवर, आणि तोही दुसऱ्या पैदासदाराला किंवा आठ फुटी जाळीच्या कुंपणातल्या शिकारी रँचला. नामांकित नराच्या वीर्याच्या कांड्याही विकतात. म्हणजे सगळा बाजार शिंगांच्या हौसेवर उभा. गंमत म्हणजे शिंगांची मापं नोंदवणारा सगळ्यात मानाचा बून अँड क्रॉकेट क्लब, १८८७ सालचा, असल्या कुंपणातल्या नराची नोंदच घेत नाही.

आता जनावर. शेळी कान धरून आणता येते, तिला डोस पाजता येतो. व्हाइटटेल तसं धरलं तर धडपडीत आणि भीतीत त्याच्या स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांचा विषार रक्तात उतरतो आणि उठून चालत गेलेलं हरीण दोन-चार दिवसांनी मरून पडलेलं सापडतं. म्हणून पैदासीच्या जागी अंधाऱ्या बोळ्या, सरकती दारं, हरीण दाबून धरणारे खास पिंजरे असा सगळा थाट लागतो. बाटलीने दूध पाजून माणसाळवलेला नर आणखी वाईट. नोव्हेंबरात माजावर आला की त्याला माणसाची भीती उरलेली नसते आणि डोक्यावर भाले असतात. अशा नरांनी माणसं मारली आहेत.

पण मी नको म्हणतो त्याचं मुख्य कारण रोग आहे. इथे त्याला सीडब्ल्यूडी म्हणतात, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणाला झिजवत मारणारा मेंदूचा रोग. १९६७ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात कोंडलेल्या म्युल जातीच्या हरणांत तो पहिल्यांदा दिसला. ना जिवाणू, ना विषाणू. वाकड्या घडीचं एक प्रथिन मेंदूत शिरतं आणि चांगल्या प्रथिनांना आपल्यासारखं वाकवत जातं. लस नाही, औषध नाही. लागण झालेलं हरीण दीड-दोन वर्षं धडधाकट दिसतं आणि तेवढ्या काळात लाळेतून, लेंड्यांतून रोग मातीत सोडत राहतं. मातीत तो वर्षानुवर्षं टिकतो. टेक्ससमध्ये २०१२ साली एल पासोकडच्या डोंगरांतल्या रानटी म्युल हरणांत तो सापडला आणि २०१५ साली मेडिना काउंटीतल्या एका पैदास केंद्रात, म्हणजे तुमच्या होऊ घातलेल्या जमिनीपासून फार लांब नाही. तेव्हापासून नियम आवळत गेले आहेत. मेलेल्या हरणाच्या घशाजवळच्या गाठी आणि मेंदूचा देठ तपासायला द्यायचा, जिवंत हलवायचं तर आधी त्याचा नमुना द्यायचा. एक जरी नमुना बाधित निघाला तर हरणांची ने-आण बंद होते आणि पुष्कळदा अख्खा कळप मारावा लागतो. ज्याने या कळपावर कर्ज काढलंय त्याचं काय होतं ते तुम्हीच ठरवा. माणसाला हा रोग झाल्याची पक्की नोंद आजवर नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नका असंच आरोग्य खातं सांगतं.

मग करण्याजोगं काय? कुंपण न घालता, रानात आहेत तीच हरणं आणि आहे तेच रान नीट राखायचं आणि हंगामापुरती शिकारीची लीज द्यायची. लीज माणशी ठरते किंवा एकरामागे. पैसे घेऊन शिकारी आत सोडायचे तर मालकालाही लीजचा परवाना काढावा लागतो आणि विमा हवाच.

यातलं खरं काम हरणं वाढवण्याचं नसून कमी ठेवण्याचं आहे, आणि नव्या मालकाला हेच पटायला जड जातं. हिल कंट्रीत एके काळी गुरांच्या जखमांत पडणाऱ्या स्क्रूवर्म माशीच्या अळ्या पाडसांची ओली नाळ पोखरून त्यांना मारायच्या. १९६० च्या दशकात नापीक नर माश्या सोडून ती माशी हटवली आणि हरणांची संख्या बेसुमार वाढली. मादी पहिल्या खेपेला एक, पुढे बहुतेक वर्षी जुळी देते. व्हाइटटेलचं पोट गवतावर भरत नाही, त्याला कोवळा पाला आणि रुंद पानांचं तण लागतं. जमीन बघायला जाल तेव्हा गवताकडे नको, ओकच्या झाडांकडे बघा. जमिनीपासून चार-साडेचार फुटांपर्यंत सगळी झाडं सुतात कापल्यासारखी खालून बोडकी दिसली आणि सीडर सोडून दुसरं रोपटंच दिसलं नाही, तर तिथे हरणं जास्त झाली आहेत. अशा रानातली मादी विस्कॉन्सिनच्या मादीशेजारी उभी केली तर तिचं पाडस वाटेल. तिथे शिंगं कुठून येणार? शिंगं दर वर्षी गळतात आणि उन्हाळ्यात नव्याने येतात, ती त्या वर्षीच्या खाण्यावर. हंट गावाजवळच्या केर अभयारण्यात सरकारने कोंडलेल्या हरणांवर १९७० च्या दशकापासून प्रयोग केले. ८ टक्के प्रथिनांचा खुराक मिळालेले नर आणि १६ टक्केवाले नर यांच्या शिंगांत डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडला.

म्हणून माद्या मारायच्या. किती, ते मोजणीवरून ठरतं. ऑगस्ट-सप्टेंबरात ठरलेल्या वाटेने रात्री पिकअप हळूहळू चालवायची, मागे उभं राहून दोन्ही बाजूंना झोत टाकायचा, चमकणारे डोळे दुर्बिणीत धरून नर, मादी, पाडस असं लिहीत जायचं. आणि हंगामात मारलेल्या प्रत्येक हरणाचा खालचा जबडा काढून, तारीख आणि वजन लिहून टांगून ठेवायचा. त्यातली पुढून तिसरी दाढ बघायची. तीन उंचवटे असले तर ती दुधाची, दोन असले तर हरीण साधारण दीड वर्षाच्या पुढचं. त्यापुढचं वय झिजेवरून: दाढेच्या माथ्यावर पांढऱ्या कडांपेक्षा आतली तपकिरी रेघ रुंद झाली की जनावर प्रौढ. टांगलेल्या नरांचे सगळे जबडे दीड-अडीच वर्षांचे निघाले तर तुमच्या शिकाऱ्यांनी कोवळे नरच झोडपले आहेत. नराची शिंगं पाच ते सात वर्षांत भरात येतात, तोवर त्याला जगू द्यायचं, बस. पहिल्या वर्षी नुसती सुळ्यासारखी शिंगं आली म्हणून ‘वाण खराब’ ठरवून मारण्याची इथे मोठी टूम आहे. कोंडलेल्या कळपात निवड करून फरक पडतो, उघड्या रानात त्याने वाण सुधारतं यावर माझा विश्वास नाही.

मक्याचं सांगतो, कारण तुम्ही पहिल्या महिन्यातच फीडर घ्याल. पहाटे आणि संध्याकाळी टायमरवर मका उधळणारा तो पिंप शिकाऱ्यासमोर हरीण आणण्यासाठी आहे, पोसण्यासाठी नाही. मक्यात प्रथिनं आठ टक्क्यांच्या आसपास. घ्यायचाच तर पोत्यावर अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, २० पीपीबीच्या (अब्जात वीस भागांच्या) आत असल्याचं लिहिलेलं बघा. बुरशी धरलेला स्वस्त मका पक्ष्यांनाही मारतो.

सव्वाशे एकरांची एक अडचण आहेच. नराचा वावर काही शे एकरांचा असतो. तुम्ही राखलेला तीन वर्षांचा नर उद्या शेजारी टिपणार. यावर इथे शेजारी-शेजारी मिळून संघ करतात, मोजणी आणि मारायची संख्या एकत्र ठरवतात. जमीन घेण्याआधी शेजारच्या दोन-तीन मालकांना भेटून त्यांचं जमतं का ते विचारा.

आणि हो, त्या जमिनीवर तुम्हाला चितळ दिसतील! आपल्या मेळघाट-ताडोब्यातलेच. १९३२ च्या सुमाराला कुणी हौसेने टेक्ससमध्ये सोडले, ते आता हिल कंट्रीभर झाले आहेत. काळवीटही आहेत, आणि दक्षिणेला किंग रँचकडे नीलगायी हजारोंनी. कायद्याच्या लेखी हे परदेशी प्राणी, म्हणून ते जमीनमालकाचे. वर्षभर कधीही मारा, मर्यादा नाही, तपासणी करून मांस हॉटेलांना विकलं तरी चालतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ज्याला हात लावला तर तुरुंग, ते इथे मेन्यूकार्डावर असतं. मांसाचाच धंदा करायचा असेल तर तो चितळाचा होतो, व्हाइटटेलचा नाही. पण एकाच रानात दोन्ही वाढवू नका. पाला संपला की चितळ गवतावर भागवतो, व्हाइटटेल उपाशी राहतं. उलट २०२१ च्या फेब्रुवारीतल्या त्या गोठवणाऱ्या थंडीत चितळ ढिगांनी मेले, व्हाइटटेल निभावून गेले.

तुम्ही एच-वन-बी वर आहात असं लिहिलंय. या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे, मात्र चालू शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारशिक्षणाचा कोर्सही करावा लागतो. स्वतःच्या जमिनीवर हरीण मारायलाही परवाना लागतोच.

शेवटी पैशाचं. सव्वाशे एकरांत लीजमधून श्रीमंत कुणी होत नाही, खरी बचत मालमत्ता करात आहे. १९९५ च्या घटनादुरुस्तीपासून शेतीच्या दराने कर लागणारी जमीन वन्यजीव व्यवस्थापनाखाली नेता येते आणि कर तोच कमी राहतो. रान सुधारणं, धूप थांबवणं, शिकारी प्राण्यांवर नियंत्रण, पाणी, खाद्य, निवारा आणि मोजणी, या सातांपैकी निदान तीन कामं दर वर्षी करून दाखवावी लागतात. अट एकच, जमीन आधीपासून शेतीच्या दरात हवी. ती नसेल तर गेल्या सातपैकी पाच वर्षं शेतीवापर झाल्याचं दाखवावं लागतं. तेव्हा सौदा करण्याआधी काउंटीच्या अप्रेझल ऑफिसात, म्हणजे करासाठी जमिनीचं मोल ठरवणाऱ्या कचेरीत, जाऊन त्या तुकड्याची नोंद बघा. आराखडा आणि अर्ज ३० एप्रिलच्या आत द्यायचा असतो.