विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्यांना ट्रेनिंगचा खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी मुंबईत ग्रंथालय सहायक म्हणून लागलात. जो तो सांगतो कार्यशाळा करा, सर्टिफिकेटं जमवा. त्याने पगार-बढतीत काही फरक पडतो का, आणि कामात अडलं तर विचारायचं कोणाला, हे तुम्हाला हवंय.

मी एकवीस वर्षं याच धंद्यात आहे. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, अजून नोकरी शिल्लक आहे. ट्रेनिंगचा उपयोग होतो. पण पाठवतात एकाला आणि गरज असते दुसऱ्यालाच.

२०१३ साली आमच्याकडे पुस्तकांच्या नोंदींचं जुनं सॉफ्टवेअर काढून कोहा हे नवं आणायचं ठरलं. ठाण्याच्या एका कॉलेजात तीन दिवसांची कार्यशाळा होती. आमचे साहेब, म्हणजे ग्रंथपाल, गेले आणि सोबत सहायक ग्रंथपाल गेले, म्हणजे दरवेळी जातात तेच दोघे. त्यांचंही मी समजू शकते. ग्रंथपाल केडरला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांप्रमाणे बढतीसाठी ओरिएंटेशन, कार्यशाळा वगैरे लागतातच, त्यामुळे प्रत्येक सर्टिफिकेटाला किंमत. आपण पडलो शिक्षकेतर, आपल्याला ते गुण लागू नाहीत. तर दोघे गेले, ज्यूटची बॅग, पेन आणि फोल्डर घेऊन आले. सोमवारी जुना डेटा कोहात चढवला आणि मराठी पुस्तकांची माती झाली.

जुन्या सॉफ्टवेअरमधली मराठी जुन्या फॉन्टात टाइप केलेली होती, युनिकोडमध्ये नाही. कन्व्हर्टरमधून काढल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले. निबंधाचं ‘नबिंध’ झालं, अर्थशास्त्राचं ‘अथर्शास्त्र’. आता विद्यार्थी शोधणार अर्थशास्त्र, त्याला मिळणार शून्य पुस्तकं, आणि तो येणार काउंटरवर. काउंटरवर कोण? मी. साहेबांना विचारलं तर म्हणाले, कार्यशाळेत हे दाखवलं नव्हतं. इंग्रजी पुस्तकांवर दाखवलं होतं सगळं.

पुढच्या बॅचला मी स्वतः गेले. तीन सीएल टाकल्या, दीड हजार फी पदरची भरली. जाताना आणखी एक अर्ज दिला होता, आमच्या परिचरांनाही ऑन ड्युटी पाठवा म्हणून. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. दहावी पास, सावंतवाडीकडचे, पंचवीस वर्षं स्टॅकमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या कपाटांत. अर्ज परत आला, त्यावर लाल शाईत ‘नियमात बसत नाही’. तोंडी वर हेही ऐकवलं की परिचराला ट्रेनिंग कशाला, उद्या पुस्तकं कोण लावणार. त्या अर्जाची झेरॉक्स माझ्या कपाटात अजून आहे.

दर १२ ऑगस्टला हेच साहेब भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालून त्यांची ग्रंथालयाची पंचसूत्री म्हणायचे. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमलं आणि त्याच वर्षी लंडनला शिकायला पाठवलं. ग्रंथालयाचं काम न येणाऱ्या माणसाला विद्यापीठाने शिकायला पाठवलं, म्हणून १९३१ साली ती पाच सूत्रं आली. हे मला तेव्हा साहेबांच्या तोंडावर सुचलं नाही, लोकलमध्ये विक्रोळीच्या आसपास सुचलं. आता इथे लिहून घेते.

मग मी आणि मामा रोज साडेपाचनंतर बसायला लागलो. दाखल नोंदवह्या, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक ज्यात लिहितात त्या, काढल्या, जुन्या, कडा कसरीने खाल्लेल्या. मामा नोंद वाचणार, मी टाइप करणार. आठवड्याभराने माझं मनगट आखडलं तेव्हा मामा म्हणाले, मला बसवा. मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, एका बोटाने. पहिल्या दिवशी विचारलं, “ताई, पाय मोडायचा कुठून?” हलन्त इंग्रजी डीवर आहे म्हटल्यावर त्यांनी रेशनच्या पावतीचा तुकडा फाडून त्यावर ‘पाय’ लिहिलं आणि त्या बटणाला चिकटवलं. दोन महिन्यांनी तो तुकडा काळा पडला, पण काढू दिला नाही.

टायपिंग तर कोणीही शिकलं असतं. मामांना जे येत होतं ते नोंदवहीतही नव्हतं. एकाच नावाची दोन पुस्तकं आली की मी चक्रावायची. मामा म्हणायचे, ती नव्हे, हिरव्या कापडी बांधणीची, ८९१.४६३ मध्ये (हा मराठी कथा-कादंबऱ्यांचा वर्गांक) खालच्या फळीवर. आणि नोंदवहीत ‘उपलब्ध’ असलेल्या कितीतरी पुस्तकांवर बोट ठेवून म्हणायचे, “ही नाय हां, ही सव्वीस जुलैला गेली.” २००५ च्या त्या पावसात आमच्या तळमजल्याच्या गोदामात कमरेइतकं पाणी होतं. लगदा बाहेर काढून टाकला तो मामांनी, निर्लेखन, म्हणजे गेलेली पुस्तकं नोंदीतून रीतसर कमी करणं, कागदावर कोणी केलंच नाही. आठ वर्षं आम्ही विद्यार्थ्यांना नसलेली पुस्तकं शोधायला लावत होतो. हे कुठल्या कार्यशाळेत कळलं असतं?

मदतीचं विचारलंत, तर तेही याच वेळचं. मराठी शीर्षकं नीट चढली तरी सर्चमध्ये येईनात. पार्ल्याच्या एका कॉलेजातल्या ग्रंथपालबाईंशी माझी कार्यशाळेत चहाच्या रांगेत ओळख झाली होती. त्यांना रात्री दहाला फोन लावला. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या. त्या म्हणाल्या, झेब्राच्या सेटिंगमध्ये सीएचआर असेल, ते काढून आयसीयू करा आणि पूर्ण इंडेक्स पुन्हा बांधा. (झेब्रा म्हणजे कोहातलं शोधायचं इंजिन; सीएचआर आणि आयसीयू या त्याच्या अक्षरं ओळखायच्या दोन पद्धती, मराठीला दुसरी लागते.) दुसऱ्या दिवशी दुपारी ‘अर्थशास्त्र’ टाकलं आणि पडदा भरून पुस्तकं आली. तीन दिवसांच्या कार्यशाळेचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ती चहाची रांग. म्हणून ऑनलाइन वेबिनारांबद्दल माझं मत वाईट आहे. २०२० मध्ये फीडबॅक फॉर्म भरला की ई-सर्टिफिकेट मेलवर, असे लोकांनी चाळीस-चाळीस जमवले. त्यातल्या एकालाही रात्री दहाला फोन करता येत नाही.

आणि गरज कमी झालीय असं समजू नका. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली, सरकारी विद्यापीठांना तेरा हजारांच्या आसपास जर्नलं खुली झाली. पण “मॅडम, हा पेपर पैसे मागतोय” म्हणत पीएचडीचा मुलगा येतो तो तुमच्याकडे, साहेबांच्या केबिनमध्ये नाही. त्याला लॉगिन कसं करायचं हे काउंटरवरच्या माणसाला शिकवायला नको का?

सगळीकडे आमच्यासारखंच असतं असं मात्र नाही. परिचरांनासुद्धा रीतसर पत्र देऊन पाठवणारे ग्रंथपाल मी मुंबईतच पाहिलेत. शिवाय आमच्या साहेबांनी पुढे कोहाचं काम अडवलं नाही, संध्याकाळी दिवे चालू ठेवायची परवानगी त्यांनीच दिली. आणि बढती हवी असेल तर कार्यशाळांवर विसंबू नका. एमलिब (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) नसेल तर इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून करा, मग नेट नाहीतर सेट ही पात्रता परीक्षा. मी सेट दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा बसलेच नाही. त्यामुळे या बाबतीत माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

आणखी एक सांगते, कारण साहेबांवर एवढं लिहिल्यावर ते सांगायलाच हवं. २०१५ साली या कामावर मी एका सेमिनारमध्ये पेपर वाचला. पहिलं नाव साहेबांचं, दुसरं माझं. साहेबांचं नाव का, म्हणून मी घरी दोन दिवस चडफडत होते. मामांचं नाव घालायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आभारातसुद्धा ‘ग्रंथालयातील सर्व कर्मचारी’ एवढंच. सेमिनारचं पुस्तक छापून ग्रंथालयात आलं तेव्हा त्यावर शिक्का मारला मामांनी, कण्यावर ०२५ ची, म्हणजे ग्रंथालयाच्या कामकाजाच्या वर्गांकाची, चिठ्ठी त्यांनीच डकवली. मग काउंटरवर येऊन म्हणाले, “ताई, तुमचं पुस्तक लावलं हां. वरच्या फळीवर ठेवलंय, दिसायला.” पुढच्या मे महिन्यात ते रिटायर झाले.

पगाराच्या श्रेणीचं तुमच्या आस्थापना विभागात विचारा. ते आम्हाला एकवीस वर्षांत नीट कळलेलं नाही.